१३२ मतांचं गाव : ब्रिटनमधली ‘मुस्लिम मतपेढी’ नेमकी असते कशी?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. लंडनचा महापौर मुसलमान, देशाची गृहमंत्री मुसलमान, म्हणजे ब्रिटन हातचं गेलं, आता पुढचा नंबर आपला. खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. यातली माणसं खरी आहेत. सादिक खान २०१६ पासून लंडनच्या महापौरपदावर निवडून येत आलेत आणि शबाना महमूद सप्टेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री झाल्या. घोळ आहे तो पुढच्या ‘म्हणजे’मध्ये.

मागच्या खेपेला हा फॉरवर्ड आला तेव्हा माझ्या भाचीने मला वेगळा मेसेज केला. ती लेस्टरला शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. ‘‘मामा, त्या निवडणुकीत मीपण मत दिलंय. ओळखपत्र म्हणून आपला पासपोर्ट दाखवला, भारताचा.’’ मी ग्रुपवर हे टाकलं तर कुणी विश्वास ठेवेना. ब्रिटनच्या खासदारकीला भारतीय नागरिक मत कसं देईल? पण देतो. आणि ब्रिटिश मुसलमानांच्या राजकारणाची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात याच पासपोर्टपासून करावी लागते.

मत कुणाला देता येतं?

ब्रिटिश साम्राज्य गेलं, पण त्याचा एक नियम मागे राहिला. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे बहुतेक जुन्या ब्रिटिश वसाहतींतल्या, कुठल्याही देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल तर त्याला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, ही सक्ती २०२३ पासूनची आहे. त्यात राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट चालतात.

यातली गंमत भाचीच्या घरातच होती. तिच्यासोबत राहणारी मुलगी मडगावची. तिच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट, कारण १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांचा होता आणि त्या काळात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना तो मिळवता येतो. जुलै २०२४ मध्ये संसदेची निवडणूक लागली तेव्हा पुण्याच्या पोरीच्या नावाने पोलिंग कार्ड आलं आणि युरोपचा पासपोर्ट असलेली गोव्याची पोर नुसती बघत राहिली. पोर्तुगीज नागरिकाला तिथे फक्त स्थानिक निवडणुकीत मत आहे.

पन्नास-साठच्या दशकांत गुजरात, पंजाब, आझाद काश्मीर, आताच्या बांगलादेशातलं सिल्हेट इथून कामाला गेलेल्या माणसांना हा नियम लागू होता. गिरणीत पाळी सुरू झाली आणि मतदार यादीत नावही लागलं. जर्मनीशी तुलना करून पाहा. तिथे १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार ‘पाहुणे’ म्हणून गेले. नागरिकत्व वंशाने मिळायचं, मत नागरिकाला. त्यामुळे तुर्की वंशाचा माणूस जर्मन संसदेत पोहोचायला १९९४ साल उजाडलं. दोन्हीकडे कामगार, दोन्हीकडे मुसलमान, मशिदी तशाच. पण एकीकडे नगरसेवक दुसऱ्याच पिढीत झाले आणि दुसरीकडे आजही घरातल्या आजोबांना मत नाही. धर्म कारण असता तर दोन्हीकडे चित्र एकच दिसलं असतं.

एक गिरणीगाव

आता ब्लॅकबर्नला जाऊ. इंग्लंडच्या लँकेशायर भागातलं हे सुती कापडाचं गाव. याच्या शेजारचं डार्वेन आता एकाच नगरपालिकेत येतं. १९३१ साली गांधीजी स्वदेशीमुळे बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटायला या डार्वेनला गेले होते. तीस वर्षांनी त्याच भागातल्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, म्हणून भरूच, सुरत आणि पाकिस्तानातून कामगार आले. गिरण्या मग बंद पडल्या, माणसं राहिली. २०२१ च्या जनगणनेनुसार या नगरपालिकेत सुमारे ३५ टक्के लोक मुसलमान आहेत. संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये हेच प्रमाण साडेसहा टक्के, म्हणजे ३९ लाखांच्या आसपास आहे. याचा अर्थ लोकसंख्या देशभर सारखी पसरलेली नाही, जुन्या गिरणीगावांत आणि मोठ्या शहरांच्या काही भागांत दाटून आहे. हे ‘दाटून’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ब्लॅकबर्नमध्ये १९५५ पासून मजूर पक्ष निवडून यायचा. (आपल्याकडची जुनी वर्तमानपत्रं लेबर पार्टीला मजूर पक्ष आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीला हुजूर पक्ष लिहायची. मला ती नावं अजून आवडतात.) १९७९ ते २०१५ खासदार होते जॅक स्ट्रॉ. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा परराष्ट्रमंत्री हेच. तरीही मुसलमान मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. २००५ साली क्रेग मरे नावाचे माजी राजदूत युद्धाच्या मुद्द्यावर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पाच टक्क्यांच्या आसपास मतांवर आटोपले.

४ जुलै २०२४ च्या मतदानाचा निकाल लागला तो असा. अपक्ष अदनान हुसैन, व्यवसायाने वकील, १०,५१८ मतं. मजूर पक्षाच्या केट हॉलर्न, १०,३८६. तिसरे तेच क्रेग मरे, या वेळी डाव्या वर्कर्स पार्टीतर्फे, सात हजारांवर. फरक १३२ मतांचा. मागच्या निवडणुकीत हॉलर्न १८ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या होत्या.

हुसैन यांना सुमारे २७ टक्के मतं पडली. चारातल्या जवळपास तिघांनी त्यांना मत दिलं नाही, तरी खासदार तेच, कारण ब्रिटनमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, निम्मी ओलांडायची गरज नाही. ही पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली. २०१९ च्या लोकसभेत औरंगाबादला इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी आले तेव्हा तिथेही चौरंगी लढत होती आणि हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली होती. ‘मतं खाल्ली’ हा आपला लाडका शब्दप्रयोग ब्लॅकबर्नला जसाच्या तसा लागू पडतो.

त्याहून जवळचा दाखला मालेगाव मध्यचा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत तिथे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी जिंकले, आसिफ शेख हरले. कापडाचंच गाव, बहुसंख्य मतदार मुसलमान, आणि सगळी चुरस दोन मुसलमान नेत्यांमध्ये. मालेगावात एकगठ्ठा मतपेढी असती तर फरक १६२ चा आला असता का? ब्लॅकबर्नमध्येही गाझातल्या युद्धावरून मजूर पक्षावर चिडलेली मतं हुसैन आणि मरे यांच्यात वाटली गेली. गठ्ठा मुळात सुटलेला होता म्हणूनच निकाल इतका अटीतटीचा लागला.

गठ्ठा बांधायचं कोण?

म्हणजे गठ्ठा कधीच नव्हता का? होता. पण त्याची दोरी बरेचदा मशिदीपेक्षा भावकीच्या हातात असायची.

१९६० च्या दशकात पाकिस्तानने झेलम नदीवर मंगला धरण बांधलं. मीरपूर भागातली लाखभर माणसं उठली. त्यातली बरीच कुटुंबं ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅमकडे गेली. आधी गेलेल्या चुलत्याने पुतण्याला बोलावलं, पुतण्याने मेहुण्याला. गल्ल्याच्या गल्ल्या एका नात्यातल्या झाल्या. या नात्यागोत्याच्या जाळ्याला ते बिरादरी म्हणतात. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. वाडीतला वडीलधारा म्हणतो अमुक चिन्ह, की विषय संपला.

मजूर पक्षाला हे सोयीचं होतं. वॉर्डातल्या चार कारभाऱ्यांशी बोलायचं, मतं मोजून घ्यायची, बदल्यात दोन नगरसेवकपदं. घरोघर फिरायची, तरुणांचं ऐकायची, बायकांना विचारायची गरज काय? २००१ पासून टपाली मत मागेल त्याला मिळू लागलं, मग तर घरातल्या सगळ्यांच्या मतपत्रिका एकाच टेबलावर येऊ लागल्या. २००४ च्या बर्मिंगहॅम पालिका निवडणुकीतला टपाली मतांचा घोटाळा एवढा उघड होता की न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी निकालात, असला पुरावा ‘बनाना रिपब्लिक’लाही, म्हणजे कायदाच नसलेल्या देशालाही, लाज आणेल, अशा अर्थाचं लिहिलं. बिरादरीच्या कारभाऱ्यांनी होतकरू मुसलमान बायकांना उमेदवारीपासून दूर ठेवलं, अशी तक्रार २०१६ मध्ये मुस्लिम विमेन्स नेटवर्क या संघटनेने थेट मजूर पक्षाच्या नेत्याकडे केली. बाहेरच्या टीकाकारांच्या आधी घरातल्या बायकाच यावर बोलत होत्या, हे आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही.

हा बांध पहिल्यांदा मोठा फुटला तो २०१२ मध्ये. ब्रॅडफर्ड वेस्टच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाने बिरादरीचं गणित मांडून पाकिस्तानी वंशाचा मुसलमान उमेदवार दिला. जिंकले जॉर्ज गॅलोवे, एक स्कॉटिश ख्रिश्चन, दहा हजारांच्या मताधिक्याने. त्यांच्या मागे तरुण पोरंपोरी होती, ज्यांना काकांनी सांगितलेलं चिन्ह नको होतं. तीन वर्षांनी त्याच गॅलोवेंना नाझ शाह या स्थानिक बाईंनी धूळ चारली. जातीचा उमेदवार दिला की जातीची मतं येतात हे गणित तिथेही अधूनमधून असं चुकतं.

मग मशिदीतून आदेश निघतच नाही?

कधी निघतो. आणि त्यासाठी तिथे शिक्षाही होते.

पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात सिल्हेटी बांगलादेशी मोठ्या संख्येने आहेत. २०१४ मध्ये तिथे लुत्फुर रहमान महापौर म्हणून पुन्हा निवडून आले. मतदानाच्या तोंडावर १०१ इमाम आणि मौलवींच्या सहीचं पत्र एका बंगाली साप्ताहिकात छापून आलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाने, इथेही न्यायाधीश मॉरीच, निवडणूक रद्द केली आणि रहमान यांना पाच वर्षं निवडणूकबंदी घातली. ठपक्यांमध्ये मतांसाठी लालूच दाखवणं होतं, प्रतिस्पर्ध्याबद्दल खोटा प्रचार होता, आणि एक होता ‘अनुचित आध्यात्मिक प्रभाव’. म्हणजे अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं. हा कायदा मुळात एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा धाक मौलवींचा नव्हता, आयर्लंडमधल्या कॅथलिक पाद्र्यांचा होता. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही दैवी कोपाची भीती घालायला मनाई आहे.

पण आपला कायदा एक पाऊल पुढे जातो. धर्माच्या नावाने मत मागणंच आपल्याकडे निवडणुकीतला ‘भ्रष्ट आचार’ मानलं जातं. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीवरून डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी गेली आणि बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षं काढून घेतला गेला, ते याच कलमाखाली. ब्रिटनमध्ये असं कलम नाही. धर्माचं नाव घेऊन प्रचार करायला तिथे मोकळीक आहे, धमकी द्यायला नाही.

रहमान यांच्या गोष्टीला पुढे एक शेपूट आहे. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. लोकांना न्यायालयाचा निकाल माहीत होता. तरी निवडलं. मला हे पटत नाही, पण असे निवाडे मतपेटीत फिरवले जाण्याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

उलट्या बाजूचंही सांगायला हवं. हिज्ब उत-तहरीरसारखी कट्टर संघटना वर्षानुवर्षं ब्रिटिश मुसलमानांना सांगत होती की मतदानच हराम आहे, माणसाने केलेल्या कायद्यांना मान देऊ नका. तिच्यावर ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये बंदी घातली. त्याच शहरांमधल्या कित्येक मशिदी शुक्रवारच्या नमाजानंतर मतदार नोंदणीची टेबलं लावतात. लोकशाहीवाद्याने कुणाची चिंता करायची, टेबलं लावणाऱ्यांची की मतदान हराम म्हणणाऱ्यांची?

राहतात ब्रिटनमध्ये, मत गाझासाठी?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो तितका पोकळ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये विरोधी पक्षनेते कीअर स्टार्मर यांनी एका रेडिओ मुलाखतीत गाझाचं पाणी-वीज तोडण्याबद्दल जे उत्तर दिलं, ते इस्रायलला तसा हक्क आहे असं ऐकू आलं. नंतर खुलासा झाला, पण क्लिप घराघरात पोहोचली होती. नोव्हेंबरमध्ये युद्धबंदीच्या ठरावावर मजूर पक्षाच्या ५६ खासदारांनी पक्षादेश मोडला. पुढच्या जुलैत ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार, ड्यूसबरी आणि लेस्टर साउथ या चार जागी मुसलमान अपक्ष निवडून आले. लेस्टर साउथमध्ये शॉकत आदम यांनी मजूर पक्षाचे बडे नेते जोनाथन ॲशवर्थ यांना ९७९ मतांनी पाडलं.

आता त्याच रात्री, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते बघा. लेस्टर ईस्टमध्ये हिंदू मतदार मोठ्या संख्येने आहेत. देशभर हुजूर पक्षाचं पानिपत होत असताना त्यांनी मजूर पक्षाकडून हिसकावलेली एकमेव जागा ही होती, शिवानी राजा यांची. त्याआधी २०१९ मध्ये मजूर पक्षाने काश्मीरवर ठराव केला तेव्हा ब्रिटनमधल्या भाजपसमर्थक मंडळींनी उघडपणे त्या पक्षाविरुद्ध प्रचार केला होता. मायदेशाचं किंवा बांधवांचं दुःख मतपेटीत नेणं चूक असेल तर दोघांचं चूक. आपला तो कळवळा आणि त्यांची ती फितुरी, असं दुहेरी माप लावता येणार नाही.

शिवाय गाझा ही ठिणगी होती, सरपण आधीच रचलेलं होतं. ब्लॅकबर्न-ड्यूसबरीतली वस्ती गरीब, घरं जुनी, नगरपालिकेच्या तिजोऱ्या रिकाम्या, आणि पक्षाने ‘ही मतं जातात कुठे’ म्हणून गृहीत धरलेली. गृहीत धरलेला मतदार एक दिवस रुसतो. हे बारामतीपासून बर्मिंगहॅमपर्यंत कुठल्याही कार्यकर्त्याला ठाऊक असतं.

संख्या वाढली की ताबा घेणार?

आकडे मांडू. ६५० च्या संसदेत २०२४ मध्ये सुमारे २५ मुसलमान खासदार निवडून आले. आजवरचा हा सगळ्यात मोठा आकडा, आणि तरी लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा कमीच. पहिला मुसलमान खासदार १९९७ मध्ये आला, ग्लासगोचे मोहम्मद सरवर. पहिल्या मुसलमान महिला खासदार २०१० मध्ये, एकदम तिघी. (मुंबईशी नातं असलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्येच तिथे पोहोचले होते, अवघ्या पाच मतांच्या फरकाने. मुंबईचेच पारशी मंचेरजी भावनगरी १८९५ मध्ये ज्या बेथनल ग्रीन भागातून निवडून आले, तिथेच आज बांगलादेशी वस्ती आहे.)

आणि मुसलमान राजकारणी सगळे एका बाकावर बसत नाहीत. साजिद जाविद आणि सईदा वारसी हुजूर पक्षाचे मंत्री होते, हमझा युसुफ स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाचे आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे. फॉरवर्डमधल्या शबाना महमूद यांनी गृहमंत्री झाल्यावर लगेच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, आश्रय मागणाऱ्यांसाठीचे नियम कडक करण्याची योजना मांडली. त्यांना २०२४ मध्ये घाम फोडला होता तो अख्मेद याकूब या मुसलमान अपक्षानेच. २०१९ चं २८ हजारांचं मताधिक्य साडेतीन हजारांच्या आत आलं.

मुसलमानांचा वेगळा पक्ष तिथे मोठा का होत नाही, याचं उत्तर पुन्हा मतमोजणीच्या पद्धतीत आहे. नेदरलँड्समध्ये अख्खा देश एकच मतदारसंघ, जेवढे टक्के मतं तेवढ्या टक्के जागा. तिथे तुर्की वंशाच्या दोन खासदारांनी काढलेल्या डेन्क पक्षाला २०१७ मध्ये दोन टक्के मतांवर १५० पैकी तीन जागा मिळाल्या. ब्रिटनमध्ये देशभर विखुरलेल्या दोन टक्क्यांना शून्य मिळतं. २०२४ मध्ये स्थलांतरितविरोधी रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं पडली, चाळीस लाखांवर, आणि जागा पाच. उलट दाटून राहणाऱ्यांना चार मतदारसंघ जिंकता येतात, पाचवा जिंकायचा तर शेजाऱ्याची मतं लागतात. तिथे सगळ्यांना बरोबर घ्यावंच लागतं.

पुढे काय?

अपक्ष खासदारांचं काय होईल सांगणं अवघड. मजूर पक्षाचे माजी नेते आणि आता अपक्ष खासदार जेरेमी कॉर्बिन यांच्यासोबत त्यांनी संसदेत पाच जणांचा गट केला, मग कॉर्बिन नवा पक्ष काढायला निघाले आणि २०२५ सरायच्या आत ब्लॅकबर्न-ड्यूसबरीचे खासदार त्यातून बाजूला झाले. आपल्याकडच्या तिसऱ्या आघाड्या आठवाव्यात अशीच ही कहाणी.

माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर आहे. जनगणनेत मुसलमानांचं मध्यम वय २७ निघालं, एकूण लोकसंख्येचं ४०. म्हणजे निम्मे मुसलमान २७ च्या आतले. आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने जाहीर केलं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानाचं वय १६ करणार. बिरादरी काय असते हे ज्यांनी आजोबांच्या तोंडून फक्त ऐकलंय, अशी ही मुलं. ती गाझा आठवतील की घरभाडं, अपक्षाला देतील की ग्रीन पक्षाला की कुणालाच नाही, हे त्यांच्या आईबापांनाही सांगता येणार नाही. ब्लॅकबर्नचा फरक १३२ मतांचा होता. तिथल्या शाळेत तो अकरावीचे चार-पाच वर्ग भरेल.